‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ आणि इंग्रजीचा वर्ग

विद्यापीठात इंग्रजी भाषा आणि सर्जनशील लेखन एकत्र शिकवले, की त्यातून इंग्रजीत लिहिणारेच घडावेत, ही अपेक्षा मला तोकडी वाटते. भालचंद्र नेमाडे भाषाविज्ञान आणि इंग्रजी या दोन्ही विषयांत एम.ए. झाले, पुढे इंग्रजी शिकवत राहिले. कादंबऱ्या मात्र मराठीत लिहिल्या. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर सारखा ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ म्हणतो. हे शब्द खरे तर उत्तरपत्रिकेतले, समजल्याचा आव आणणारे. ते कंटाळ्याच्या, दुःखाच्या वाक्यात येतात तेव्हा शिकलेल्यांच्या मराठीचा पोकळपणा ऐकू येतो. भाषेकडे जरा बाहेरून पाहता आल्याशिवाय असा कान तयार होणे कठीण.

पेठ तालुक्यात हा मुद्दा अधिक बोचतो. इथल्या कित्येक मुलांची घरची बोली कोकणा. प्रमाण मराठीच त्यांना शाळेत शिकावी लागते, इंग्रजी तर त्याही पलीकडची. इंग्रजी वाक्याची फोड करायला शिकलेल्या मुलाने तीच फोड कोकणा वाक्याची करावी आणि त्या बोलीत गोष्ट लिहावी, एवढी जागा अभ्यासक्रमात हवी. अशी गोष्ट तपासणार कोण? निदान पहिले वाचन तरी मुलाच्या आजीसमोर व्हावे.