गव्हावरील तांबेरा : शरीरक्रियात्मक अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना :
तांबेरा हा गव्हावरील एक महत्त्वाचा बुरशीजन्य रोग आहे. नारिंगी तांबेरा (पक्सिनिया ट्रिटिसिना) व काळा तांबेरा (पक्सिनिया ग्रॅमिनिस) हे त्याचे महाराष्ट्रातील प्रमुख प्रकार होत. या रोगाच्या शरीरक्रियात्मक परिणामांविषयीचे महाविद्यालयीन संशोधन पाहिले असता त्यात एक ठराविक साचा आढळतो. रोगट व निरोगी पानांतील हरितद्रव्य आणि शर्करा यांचे एकदाच मापन करावयाचे व 'ऱ्हास झाला' असा निष्कर्ष काढावयाचा. प्रस्तुत लेखकाचा एम.फिल. प्रबंधही यास अपवाद नव्हता.

विवेचन :
ही मांडणी अपुरी आहे. तांबेऱ्याची बुरशी केवळ जिवंत पेशींवरच जगते. त्यामुळे पेशी तत्काळ मारणे तिच्या हिताचे नसते. शोषकांगांद्वारे ती पेशीतील शर्करा घेते. इन्व्हर्टेज या विकराची क्रियाशीलता वाढून सुक्रोजचे विघटन होते आणि दाण्याकडे जाणारी शर्करा रोगग्रस्त जागीच अडते. श्वसनाचा वेगही वाढतो. पान पिवळे पडत असताना फोडांभोवतीचा भाग मात्र काही काळ हिरवा राहतो. यालाच 'हिरवी बेटे' म्हणतात. बाष्पोत्सर्जनाबाबतही असेच घडते. आरंभी पर्णरंध्रे पुरेशी न उघडल्याने ते घटते; पुढे फोड फुटून बाह्यत्वचा फाटली की पाण्याचा ऱ्हास रोखण्यास वनस्पती असमर्थ ठरते. म्हणजेच मापन रोगाच्या कोणत्या अवस्थेत व पानाच्या कोणत्या भागात केले, यावर उत्तर अवलंबून असते. ही नोंद नसलेला तक्ता तुलनेस निरुपयोगी ठरतो. मळणीनंतर हाती येणारे सुरकुतलेले दाणे हे केवळ हरितद्रव्य घटल्याचे फलित नसून, अन्यत्र वळविलेल्या अन्नाचेही आहे.

निष्कर्ष :
हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही. २०१५ मध्ये उलगडा झालेले एलआर ६७ हे प्रतिकारक जनुक शर्करावाहक प्रथिनाचे असल्याचे दिसून आले. प्रतिकारक वाणातील या प्रथिनात दोन अमिनो आम्ले बदललेली असून ते ग्लुकोज वाहून नेऊ शकत नाही. शर्करेचे वहन व रोगप्रतिकार यांचा संबंध यावरून स्पष्ट होतो. तो संबंध 'ऱ्हास' या एका शब्दात मावत नाही. साध्या कलरीमीटरवरही लागणीपासून फोड फुटेपर्यंत टप्प्याटप्प्याने मापन शक्य आहे. उणीव उपकरणांची नसून प्रश्न विचारण्याची आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना प्राध्यापकांनी प्रथम याचा विचार करावा.