कुणाचं काय जातं?

आमच्या मंठाळात एक वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. "असू दे की, कुणाचं काय जातंय?" दाराला लिंबू-मिरची बांधताना कुणी हटकलं की हे उत्तर. लेकराच्या गळ्यात ताईत घातला, अमावस्येला गावाला जायचं टाळलं, मांजर आडवं गेलं म्हणून गाडी थांबवली, तरी हेच उत्तर. आमचं गाव बिदर जिल्ह्यातलं, बसवकल्याण तालुक्यातलं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात त्यात उर्दूची भर. भाषा बदलते, उत्तर बदलत नाही.

मीही हे वाक्य पुष्कळदा म्हटलं आहे. त्यात एक चांगुलपणा आहे, हे आधी कबूल करते. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात नाक खुपसू नये, म्हाताऱ्या माणसाचा आधार काढून घेऊ नये, असं त्यामागं असतं. माझ्या सासूबाई रात्री णमोकार म्हणून उशीखाली जपमाळ ठेवत आणि मगच त्यांना झोप लागे. त्या माळेनं कुणाचं काही गेलं नाही. अशा माणसाची थट्टा करणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही.

पण या वाक्यात एक शब्द आहे, त्याच्याकडं आपण कधी बघत नाही. तो शब्द म्हणजे 'कुणाचं'. कुणाचं काय जातं हा खरं तर प्रश्न आहे. आपण तो उत्तरासारखा वापरतो आणि मोकळे होतो. एकदा तो प्रश्न म्हणूनच विचारून बघू.

२६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं. दक्षिणेत काही ठिकाणी ते कंकणाकृती दिसलं, आपल्याकडं खंडग्रास. त्या सकाळी कलबुर्गी शहराला लागून असलेल्या ताजसुलतानपूर गावात आईबापांनी आपल्या दिव्यांग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरलं. ग्रहणाच्या वेळी असं पुरलं की व्यंग जातं, अशी समजूत. नुसती मुंडकी वर असलेल्या त्या मुलांचे फोटो देशभर गेले. तुम्हीही बघितले असतील.

तेव्हा बहुतेकांनी त्या आईबापांना शिव्या दिल्या. मला ते जमलं नाही. लेकराला चालता येत नाही, आणि आपल्यामागं याचं कोण, हा प्रश्न उरावर घेऊन जगणारी ती माणसं. कलबुर्गीत मोठे दवाखाने आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण जे व्यंग बरं होणारं नसतं ते तिथंही बरं होत नाही, आणि हे दोन शब्द समजावून सांगायला कुणाला सवड असतेच असं नाही. मग कुणीतरी 'करून तर बघा, काय जातंय' म्हणतं. मायेपोटीच ती माणसं खड्डा खणतात.

आणि तरीही खड्ड्यात कोण होतं? आईबाप नव्हते, उपाय सांगणारा नव्हता. होतं ते लेकरू, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं. डिसेंबरच्या गारठ्यात, गळ्यापर्यंत माती, आणि भोवती बघ्यांची गर्दी. श्रद्धा एकाची होती आणि ती सोसायची दुसऱ्यानं.

हे ध्यानात आल्यावर मला लहानपणीची एक गोष्ट नव्यानं कळली. आपला हा पट्टा, बिदर-गुलबर्गा आणि वर मराठवाडा, भानामतीसाठी बदनाम. घरावर दगड पडतात, वाळत घातलेल्या कपड्यांना आग लागते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. आमच्या आळीत एका घरात असंच सुरू झालं. सासूच्या पाठीवर फुली उठली, पिठाच्या डब्यात केस निघाले. देवऋष्याला आणलं. त्यानं नाव घेतलं नाही, नुसता हात केला. हात केला त्या बाजूला आळीच्या टोकाला एक विधवा बाई राहायची. एकटी, फटकळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसऱ्या दिवसापासून तिला कुणी पाणी भरू देईना. पोरं दारावर दगड मारायची. महिन्याभरात ती भावाकडं निघून गेली, ती परत आलीच नाही.

पुढं सगळं उघड झालं. फुल्या त्या घरातली नवी सूनच काढत होती. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की लगेच काही दिसत नाही, फोड मागाहून उठतो, त्यामुळं कुणी केलं ते कळत नाही. पोरीला माहेरी जायचं होतं, तिला जाऊ देत नव्हते. तोंडानं बोलायची सोय नव्हती, म्हणून ती असं बोलत होती. भानामतीच्या प्रकरणांचा छडा लावणारे कार्यकर्तेही हेच सांगतात. बहुतेकदा करणारं माणूस घरातलंच असतं आणि त्याचं काहीतरी दुखत असतं.

सुनेला माहेरी धाडलं, प्रकरण मिटलं. पण त्या विधवेकडं जाऊन 'चुकलं आमचं' असं कुणी म्हटलं नाही. ज्यांनी विश्वास ठेवला होता त्यांचं खरोखरच काही गेलं नाही. जे गेलं ते तिचं गेलं. आमच्याकडं निदान मारहाण झाली नाही. शेजारच्या तेलंगणात तर करणीचा आळ आलेल्या माणसांचे दात पाडल्याचे प्रकार घडले आहेत, का तर दात नसले की मंत्राचा उच्चार नीट होत नाही.

इथवर वाचून आमच्या समाजातल्या काकू-मावश्या मान डोलावतील. "अगं, हे त्यांच्यात. आपला धर्म वीतरागाचा." मला हेच खोडून काढायचं आहे.

समंतभद्र आचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार आपल्या मंदिरात स्वाध्यायाला असतो. निदान कपाटात तरी असतो. त्यात सम्यग्दर्शनाच्या वाटेतल्या तीन मूढता सांगितल्या आहेत: लोकमूढता, देवमूढता आणि गुरुमूढता. लोक करतात म्हणून करायचं, ही लोकमूढता. तिची उदाहरणं देताना आचार्यांनी पुण्य मिळतं म्हणून नदी-समुद्रात बुड्या मारणं सांगितलं, कड्यावरून उडी घेणं, आगीत शिरणं सांगितलं. आणि वाळूचे, दगडांचे ढीग घालणंही सांगितलं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातली ही वाळू वाचताना माझ्या डोळ्यांपुढं ताजसुलतानपूरची माती येते.

काहीतरी मिळावं म्हणून रागद्वेष असलेल्या देवतांची आराधना करायची, ही देवमूढता. आता खरं सांगा, आपल्या घरात क्षेत्रपालापुढं आणि पद्मावतीपुढं आपण काय मागतो? पोराला नोकरी, पोरीला स्थळ, कोर्टातल्या शेताचा निकाल. तीर्थंकर काही देत नाहीत हे माहीत असतं, म्हणून शेजारच्या कोनाड्याकडं वळायचं. वर पुन्हा म्हणायचं, कुणाचं काय जातं.

आपल्या समाजात कुणाचं गेलं, तेही सांगते. ऑक्टोबर २०१६ मध्ये हैदराबादेत एक १३ वर्षांची मुलगी गेली. चातुर्मासात तिनं ६८ दिवसांचा उपवास केला होता, आणि पारण्यानंतर दोन दिवसांनी ती वारली. घरच्यांचं म्हणणं होतं, तिनं स्वतःहून केला. असेलही. पण १३ वर्षांच्या पोरीचं 'स्वतःहून' म्हणजे काय? तिच्या तपाचं कौतुक करणारी, तिच्यासोबत फोटो काढून घेणारी माणसं भोवती असताना तिनं मधेच 'मला भूक लागली' म्हणायचं कसं? तिथं 'पोरी, पुरे' असं म्हणणारं एक मोठं माणूस हवं होतं. कुणी म्हटलंही असेल, पण ऐकलं गेलं नाही.

आपण पाणी गाळून पितो. रात्री जेवत नाही. मुंगी मरेल म्हणून पावसाळ्यात जपून पाऊल टाकतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसा कशाला म्हणायचं हे सांगताना उमास्वामींनी प्रमाद हा शब्द घातला आहे. म्हणजे मनात मारायचं नव्हतं, एवढ्यानं सुटका होत नाही. बेसावध राहिलात, जिथं बघायला हवं होतं तिथं बघितलं नाही, आणि त्यातून जिवाला बाधा झाली, तरी ती हिंसाच. मग जी समजूत कधी तपासलीच नाही, ती दुसऱ्याच्या जिवावर चालवणं हा प्रमाद नाही तर काय? पाणी गाळतो तशी समजूतही गाळून घ्यायला हवी.

हे मी उंचावर बसून सांगत नाही. माझी धाकटी दीड वर्षाची असताना तिला ताप चढला. त्या दिवशी अमावस्या होती. घरात म्हणाले, आज कुठं बसवकल्याणला घेऊन जातेस, दृष्ट काढ, सकाळी बघू. मी शिकलेली, पेपर वाचणारी. तरी म्हटलं, काय जातंय एका रात्रीनं? मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, हाताला काळा दोरा बांधला. पहाटे पोरीला झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या तोंडून णमोकारही निघेना. पोर वाचली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "काल का नाही आणलं?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजून नाही.

आता कुणी म्हणेल, असं प्रत्येक गोष्टीला विचारत सुटलं तर धर्म उरेल का? याचं उत्तर आपल्याच कथांत आहे. अमूढदृष्टी या अंगाचं उदाहरण म्हणून आपण रेवती राणीचं नाव घेतो. मथुरेत विद्येच्या बळावर एका क्षुल्लकानं ब्रह्मा, विष्णू, महादेव अशी एकेक रूपं दाखवली. सगळं नगर लोटलं, रेवती गेली नाही. शेवटी त्यानं तीर्थंकराचं समवसरणच उभं केलं. तेव्हाही ती म्हणाली, तीर्थंकर चोवीसच, हा पंचविसावा कुठून आला? आणि घरीच राहिली. चमत्कार आपल्या धर्माचा वेष घालून आला तरी तिनं तपासून घेतलं. ती श्रद्धावान नव्हती असं कुणी म्हणत नाही. उलट श्रद्धेचा नमुना म्हणून आपण तिलाच दाखवतो. सबंध नगरात न जाणारी ती एक बाई होती, हे आपण बायकांनी तरी लक्षात ठेवावं.

कायद्यांनीही साधारण हीच रेघ ओढली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्यात पूजा, यात्रा, कीर्तन यांना हात लावलेला नाही. साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून गंडेदोरे करणं, हा मात्र गुन्हा. कर्नाटकात असा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि जानेवारी २०२० मध्ये लागू झाला, म्हणजे ताजसुलतानपूरच्या त्या सकाळीनंतर. त्यात आपल्या मुनींच्या केशलोचाला सूट आहे. मला ते योग्य वाटतं. मुनी केस उपटतात ते स्वतःचे, समजून-उमजून, दीक्षा घेऊन. दुसऱ्याच्या लेकराचे नव्हे.

पण कायदा आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसत नाही. तिथं आपणच असतो. म्हणून मी आता एवढं करते. घरात कुणी काही करायला निघालं की तीन गोष्टी विचारते. हे कुणाच्या अंगावर होणार? त्याला विचारलंय का, आणि त्याला 'नको' म्हणता येईल का? यापायी दवाखाना लांबणार का? उत्तरं ठीक असली तर मीही हात जोडते. सासूबाईंची जपमाळ या तिन्हींतून सुखानं पार पडली असती.

आमच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांनी देवाधर्माबद्दल उघड प्रश्न विचारले. त्याच शरणांची वचनं आयुष्यभर अभ्यासणाऱ्या डॉ. एम. एम. कलबुर्गींना ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडात त्यांच्या राहत्या घरी गोळी घातली गेली. विचारणं एवढं महाग झालं आहे. आपल्याला त्या मानानं स्वस्तात विचारता येतं, चुलीपाशी, आपल्याच माणसांना. गेल्या महिन्यात शेजारची एक जण तापलेलं पोर कडेवर घेऊन दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या मागायला आली. मी दिल्या. आणि चप्पल पायात घालून म्हटलं, "उतरव पटकन, मग आपण दोघी डॉक्टरकडं जाऊ." ती म्हणाली, "आज शनवार हाय की वो अक्का." मी म्हटलं, "असू दे. कुणाचं काय जातंय?"