वारसा-रहस्यकादंबरी

कुटुंबातील संपत्तीच्या वारशावरून घडलेल्या खुनाचा उलगडा हा ज्याचा मध्यवर्ती विषय असतो, असा रहस्यकादंबरीचा एक प्रकार. हिंसेचे त्रोटक वर्णन, परस्परांच्या नात्यातील मोजकी पात्रे, एखादे घर किंवा खेडे एवढेच घटनास्थळ आणि शोध घेणारा बहुधा बाहेरचा माणूस, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. इंग्रजीत हा प्रकार विपुल आहे. मराठीत मात्र तो फारसा रुजला नाही आणि याचे कारण लेखकांच्या अभिरुचीपेक्षा वारसाविषयक कायद्यात अधिक सापडते.

आर्थर कॉनन डॉइल (१८५९–१९३०) याच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०२) या कादंबरीत वारशाचा लोभ हाच गुन्ह्याचा हेतू आहे. अगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) हिने हा विषय पूर्णतः घरात आणला. तिची ‘क्रुकेड हाउस’ (१९४९) ही कादंबरी या प्रकाराचा उत्तम नमुना म्हणता येईल. ॲरिस्टाइड लिओनिडीस हा वृद्ध धनिक, त्याची तरुण दुसरी पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे व पहिल्या पत्नीची बहीण हे सारे एकाच छताखाली राहतात. इन्शुलिनच्या बाटलीत डोळ्यांत घालावयाचे औषध भरून वृद्धाचा खून केला जातो. सर्वांसमक्ष सही झाल्याचे जे मृत्युपत्र घरातील मंडळी मानून चालतात, त्यावर सहीच नसल्याचे पुढे उघड होते. गुन्हेगार कोण, हे येथे सांगणे इष्ट नव्हे. परंतु कादंबरीचे खरे मर्म त्याहून वेगळ्या ठिकाणी आहे. बाहेरून आलेली तरुण पत्नीच दोषी ठरावी, अशी घरातील प्रत्येकाची मनोमन इच्छा असते. मराठी एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला ही भावना परकी वाटण्याचे कारण नाही.

अशा कथानकाचा सारा भार मृत्युपत्रावर असतो. संपत्तीचा धनी हयात असेपर्यंत वारसांना कोणताही हक्क नसतो आणि तो आपली इच्छा केव्हाही बदलू शकतो. यातूनच खुनाची निकड निर्माण होते. मिताक्षरा पद्धतीत ही निकड उरत नाही. वडिलार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो व पूर्वी असा अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. बापाला मारून मुलाला नवे असे थोडेच मिळणार! याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कार. १०७६–११२६) याच्या आश्रयाने कल्याणी येथे लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. मुखेड, देगलूर, उदगीर हा टापू तेथून फार दूर नाही व तो चालुक्यांच्याच राज्यात मोडत होता. ज्या पद्धतीने इंग्रजी धाटणीच्या खुनाचा हेतूच काढून घेतला, ती या भूमीच्या शेजारीच सिद्ध झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

बंगालमधील स्थिती याच्या उलट होती. तेथील दायभाग पद्धतीत बाप संपत्तीचा पूर्ण स्वामी असतो. शरदिंदु बंदोपाध्याय (१८९९–१९७०) यांच्या व्योमकेश बक्षीमालेतील ‘अर्थमनर्थम्’ या कथेत वारंवार मृत्युपत्र बदलणारा गृहस्थ, त्याच्या आश्रयाला असलेले भाचे व त्याचा खून असे कथानक सहज उभे राहते, ते यामुळेच. तेवढ्यासाठी त्यास इंग्रजीची उसनवारी म्हणणे अन्यायाचे होईल.

मिताक्षरा पद्धतीत खुनाला वाव नव्हता, असे मात्र नाही. निपुत्रिक भाऊ मरण पावल्यास त्याचा हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे जाई. महाराष्ट्राच्या परंपरेत विधवेला पतीच्या स्पष्ट अनुज्ञेविनाही दत्तक घेता येत असल्याने दत्तकविधानाच्या आदल्या दिवसापर्यंत वारस असलेला पुतण्या दुसऱ्या दिवशी बाजूला पडू शकत असे. बदललेल्या मृत्युपत्राहून हे कथाबीज अधिक नाट्यमय आहे. मराठी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वारसा-खूनही याच जातीचा होय. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे मारले गेले व चुलते रघुनाथराव यांना पेशवाई मिळाली. परंतु १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या विधवेस पुत्र झाला आणि चुलत्यांच्या दाव्याचा आधारच गेला. कृ. प्र. खाडिलकर (१८७२–१९४८) यांनी यावर ‘भाऊबंदकी’ (१९०९) हे नाटक लिहिले. त्यातील रामशास्त्री गुन्हेगार शोधीत नाहीत. तो सर्वांना ठाऊकच असतो. तो बोलून दाखविण्याचे धैर्य हा तेथील प्रश्न आहे. रहस्यकथेहून ही शोकान्तिकेची वाट निराळी असून मराठी गंभीर लेखनाने हा विषय प्रायः त्याच वाटेने नेला.

बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी वाचकाला या वाङ्मयप्रकाराची गोडी लावली. पण झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक साहसाचे. माजघरात बसून सासू-सुनांचे बोलणे ऐकण्याची उसंत त्यांना नसते. गुरुनाथ नाईक यांच्या कथांचा ओढाही साहसाकडेच आहे. वाड्यातील कुलपे, दत्तकपत्रे व विधवांची चोळीबांगडी ही सामग्री दाराशी असताना रहस्यकथाकारांनी ती बव्हंशी न वापरता सोडली, हे मान्य करावे लागते.

पुढे कायदा बदलला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ३० ने सहदायादाला आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली. कलम २५ नुसार खुनी व त्याला साहाय्य करणारा यांना मृताचा वारसा मिळत नाही. हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने केंचव्वा वि. गिरिमल्लप्पा या मुंबई इलाख्यातील दाव्यात १९२४ सालीच मान्य केले होते. खुनी वारस आधीच मेला असे कायदा धरून चालतो. परिणामी एक दोषी ठरला की उरलेल्या वारसांचा वाटा वाढतो. घरातील प्रत्येक साक्षीदाराचा दुसऱ्यावर संशय ढकलण्यात हितसंबंध निर्माण होतो, आणि कथाकाराला याहून अधिक काय हवे?

मराठवाड्यात या सामग्रीला आणखी एक पदर आहे. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती. १९४८ नंतर १९५० चा कूळकायदा, १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा व १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा यांमुळे गढीवाल्यांच्या जमिनी कागदोपत्री वेगवेगळ्या नावांवर विभागल्या गेल्या. मूळ धनी कोण, हे ठरविताना आजही खासरा पत्रकापर्यंत मागे जावे लागते. मुखेडसारख्या तालुक्यात बेतलेल्या कादंबरीत तलाठ्याकडील फेरफाराची नोंद, धरणाखाली गेलेल्या शेताचा मोबदला किंवा घरात कोणालाच वाचता न येणारा एखादा उर्दू दस्तऐवज यांना ख्रिस्तीच्या विषाच्या बाटलीचे काम करता येईल. महाराष्ट्रात १९९४ च्या व देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली असून सासरी गेलेली बहीण आता वारस, साक्षीदार आणि संशयित अशा तिन्ही नात्यांनी माहेरच्या उंबऱ्यात उभी असते. हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्यासाठी जमलेले भाऊ, हा प्रसंग मराठी घरांत नवा नाही. रहस्यकथेने तो अद्याप पुरता हाताळलेला नाही.