जादा तास कोणासाठी?

बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी असतात. मुलाने आजूबाजूला पाहावे, घरी विचारावे, वर्गात बोलावे आणि आपले आपण उत्तरापर्यंत यावे, ही त्यामागची भूमिका. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर 'ज्ञानरचनावाद' हा शब्द केंद्रप्रमुखांच्या बैठकांपर्यंत पोचला, त्याचेच हे छापील रूप. आता अशा पुस्तकाचे बाजारातले गाईड उघडावे. 'जरा डोके चालवा'खालच्या प्रश्नाचे उत्तर तिथे दोन ओळींत तयार मिळते. मुलाने ते वहीत उतरवायचे, एवढेच उरते.

यावरून गाईडवाल्यांना आणि शिकवणीवाल्यांना झोडपणे सोपे आहे. मला त्यांच्याआधी वेळापत्रकाकडे पाहावेसे वाटते. उघडा प्रश्न विचारणारे पुस्तक एक गोष्ट गृहीत धरते : मुलाबरोबर त्या प्रश्नापाशी थांबायला कोणी मोठे माणूस आहे आणि त्याच्यापाशी वेळ आहे. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत; म्हणजे रोजचे चार तास. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असतात, तेव्हा एका इयत्तेच्या वाट्याला यातले निम्मेही येत नाहीत. त्यात भाषा, गणित, इंग्रजी, परिसर, खेळ, शिवाय पोषण आहाराची नोंद.

याच कायद्याचे कलम २४ शिक्षकावर दोन कर्तव्ये शेजारीशेजारी ठेवते. संपूर्ण अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पुरा करायचा, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल ते पूरक अध्यापन करायचे. माणूस तोच, तास तेच. पहिले कर्तव्य तपासणीत चटकन दिसते. कितवा पाठ चालू आहे, एवढे विचारले की झाले. दुसऱ्याची खूण कुठल्याही रजिस्टरात सहज उमटत नाही. दोहोंत कशाचा बळी जाणार, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. पुढे कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करते. मनाई रास्तच आहे. पण शिकवणीची गरज निर्माण होते ती आधीच्या कलमाच्या अपुरेपणातून, याकडे कायद्याचे लक्ष दिसत नाही.

या प्रश्नाला हात घालणारा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच मुंबईत झाला आणि मराठीत त्याची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही. 'प्रथम' या संस्थेने महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. त्याच वस्तीतली, माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे, व्हरांड्यात किंवा जागा मिळेल तिथे, आणि अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी यांपासून सुरुवात करी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात याचे मोजमाप केले. मुलांचे गुण वाढले आणि ही वाढ प्रामुख्याने बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. मागे वर्गात राहिलेल्यांना पट कमी झाल्याचा, 'कच्ची' मुले उठून गेल्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. कच्च्या मुलांमुळे वर्ग रखडतो, ही शिक्षकांच्या खोलीतली आवडती तक्रार निदान या आकड्यांना मान्य नाही. मात्र मदत थांबल्यावर वर्षभरात या फायद्याचा मोठा भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. बालसखीचे गोडवे गाताना ते गाळले जाते.

पुढचे प्रयोग महाराष्ट्राबाहेरचे, पण आपल्या मुद्द्याला लागू. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरात मुलांना त्यांच्या पातळीनुसार शिकवले, तेव्हा वाचन सुधारले. तेच प्रशिक्षण, तेच साहित्य शाळेच्या नेहमीच्या वेळात दिले, तेव्हा फरक पडला नाही. शिक्षक पाठ्यपुस्तकाकडेच वळले. हरियाणात रोजचा एक तास यासाठी राखून ठेवला, इयत्ता मोडून मुलांचे गट केले, पर्यवेक्षण नेटके ठेवले आणि हिंदी वाचनात प्रगती झाली. म्हणजे शिक्षकाला येत नव्हते असे नाही. त्याच्या हातात तास नव्हता.

आपल्याकडे या कामाला 'उपचारात्मक अध्यापन' म्हणतात. शब्दात मूल आजारी आहे. उपचार म्हटला की तो तात्पुरता, बरे वाटले की बंद. तेव्हा अशा मोहिमा ठरावीक दिवसांच्या असतात आणि अहवाल पाठवला की संपतात, यात नवल नाही.

'असर'च्या पाहणीप्रमाणे देशात पहिली ते आठवीतल्या पैसे देऊन शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८मधील २६.४ टक्क्यांवरून २०२२मध्ये ३०.५ टक्क्यांवर गेले. ही शिकवणी प्रामुख्याने इयत्तेचाच धडा पुन्हा शिकवते. चौथीतल्या ज्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही, त्याला तिथेही चौथीचीच उत्तरे पाठ करायची असतात. फी देऊन तो तीच गोष्ट दुसऱ्यांदा समजून न घेता परत येतो.

आणि जादा तास आपल्या शाळांना नवे नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी जिल्हा परिषदेचे कितीतरी शिक्षक सकाळी शाळेआधी, सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता मुलांना बसवतात. प्रश्नसंच स्वतःच्या खिशातून आणतात. या कष्टांबद्दल आदरच आहे. पण ही मुले निवडलेली असतात, बहुधा पहिल्या बाकांवरची. शाळेच्या भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांचा फलक असतो, तालुक्यात त्याची चर्चा होते, पालक दुसऱ्या गावाहून मूल या शाळेत घालतात. पाचवीत येऊन पहिल्यांदा सलग परिच्छेद वाचणाऱ्या मुलीचे नाव कुठल्या फलकावर लिहीत नाहीत, आणि तिच्यासाठी सकाळी सात वाजता शाळेचे कुलूप उघडल्याचे क्वचितच ऐकू येते.