वराहांतील ‘पीआरआरएस’चे निदान : प्रयोगशाळा पद्धतींच्या तुलनेची चिकित्सा

प्रस्तावना :
वराहांतील विषाणुजन्य श्वसनरोगांच्या निदानपद्धतींची तुलना करणाऱ्या शोधनिबंधांत बहुधा एकच साचा आढळतो. एक पद्धत प्रमाण मानायची, इतरांची संवेदनशीलता व विशिष्टता टक्केवारीत मांडायची आणि अखेरीस एकीला श्रेष्ठ ठरवायचे. ‘पोर्साइन रिप्रॉडक्टिव्ह अँड रेस्पिरेटरी सिंड्रोम’ अर्थात पीआरआरएस या रोगाच्या आधारे या साच्याची मर्यादा दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गाभण माद्यांतील गर्भपात आणि पिलांतील श्वसनविकार ही या रोगाची मुख्य लक्षणे होत.

प्रमाण कोणते?
विषाणूचे पेशीसंवर्धन ही पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. १९९१ साली नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथे हा विषाणू वेगळा करण्यात आला, तो वराहांच्या फुप्फुसातील मॅक्रोफेज पेशींवर. पुढे प्रचारात आलेल्या, माकडाच्या मूत्रपिंडापासून सिद्ध केलेल्या मार्क-१४५ पेशींवर अमेरिकी प्रकार चांगला वाढतो. युरोपीय प्रकार मात्र अनेकदा वाढत नाही. म्हणजेच प्रमाण मानलेली पद्धतही निवडलेल्या पेशींवर अवलंबून आहे.

काळाचा प्रश्न :
संसर्गानंतर तिसऱ्या दिवशी रक्ताची आरटी-पीसीआर चाचणी सकारात्मक येते, एलायझा नकारात्मक; कारण प्रतिपिंडे साधारणतः ७ ते १४ दिवसांनी आढळू लागतात. काही महिन्यांनी चित्र उलटते. रक्तात विषाणू सापडत नाही, प्रतिपिंडे सापडतात आणि टॉन्सिलमध्ये विषाणू टिकून असू शकतो. येथे दोन्ही चाचण्या खऱ्याच आहेत. त्यांतील तफावतीला ‘चूक’ म्हणणे हीच तुलनेतील चूक होय. शिवाय आरटी-पीसीआर विषाणूची जनुकीय खूण दाखविते, तो जिवंत असल्याची ग्वाही देत नाही.

लसीकरणाचा पेच :
प्रचलित एलायझा लसीमुळे निर्माण झालेली प्रतिपिंडे आणि संसर्गजन्य प्रतिपिंडे यांत भेद करू शकत नाही. १९९६ मध्ये डेन्मार्कमध्ये जिवंत लस वापरल्यानंतर लशीतील विषाणू लस न दिलेल्या कळपांतही पसरला. तो लशीतलाच आहे, हे जनुकीय अभ्यासाने स्पष्ट झाले. केवळ प्रतिपिंड-चाचणीवर विसंबून हा उलगडा झाला नसता.

निष्कर्ष :
भारतात या रोगाचा उद्रेक २०१३ साली मिझोराममध्ये नोंदला गेला. तेथे घरोघरी मोजकी डुकरे पाळणारी कुटुंबे आहेत. अशा घराला ‘कोणती चाचणी श्रेष्ठ?’ या प्रश्नाचे उत्तर नको असते. आज आजार आहे काय, पूर्वी होऊन गेला काय, नवे जनावर आणावे काय, हे त्याचे प्रश्न असतात आणि प्रत्येकाची चाचणी वेगळी आहे. म्हणून तुलनात्मक अभ्यासाने नमुना कोणत्या अवयवाचा, संसर्गाच्या कोणत्या टप्प्यावरचा, लसीकरण झाले होते काय आणि निर्णय कोणता घ्यावयाचा होता, हे आधी नोंदवावे. या नोंदींवाचून टक्केवारी काटेकोर दिसते. पण पशुपालकाच्या निर्णयाला तिचा आधार मिळत नाही.