घर दिसतं, जमीन दिसत नाही

ग्योतोकुत राहत असाल, तर तुमची बिल्डिंग कदाचित जुन्या मिठागरावर उभी असेल. एदो काळात इथलं मीठ ओनागी कालव्यातून होड्यांनी शहरात जायचं. १९६९ मध्ये तोझाई लाइन आली नि गाव ऑफिसवाल्यांचं झालं.

इथे बसून जयंत पवारांचं 'अधांतर' पुन्हा वाचलं. १९८२ च्या संपानंतरचं गिरणगावातलं ते घर अजूनही अंगावर येतं. तरी तक्रार आहेच: आई दिसते, मुलं दिसतात, गिरणीखालची जमीन दिसत नाही. खरा खेळ तिचाच. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे होते: शहराची मोकळी जागा, म्हाडाची घरं, मालक. २००१ च्या दुरुस्तीने वाटणीला फक्त आधीपासून मोकळी असलेली जागा उरली. (नाटक त्याआधीचं, मान्य.)

तिथल्या काचेच्या ऑफिसात माझी मावसबहीण काम करते. राहते डोंबिवलीला.