‘म्हणे’पासून स्क्रीनशॉटपर्यंत : कुजबुजीचे कथन आणि खासगीपण

प्रसिद्ध व्यक्तींविषयीच्या कुजबुजीचा विचार आपल्याकडे बहुधा अभिरुचीच्या किंवा नीतीच्या अंगाने होतो, आणि निकाल आधीच ठरलेला असतो. समीक्षेला अशा निकालाचा फारसा उपयोग नाही. कुजबूज हे मुळात एक कथन आहे. त्याला निवेदक असतो, श्रोता असतो, आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो या दोघांच्या व्यवहारातून कायमचा बाहेर ठेवलेला तिसरा पक्ष असतो. या तिसऱ्याचे खासगीपण कशाने राखले जाते आणि कशाने नष्ट होते, याचे उत्तर आशयापेक्षा निवेदनाच्या रीतीत शोधावयास हवे.

मराठीने या रीतीसाठी एक चिमुकला शब्द घडविला आहे : ‘म्हणे’. ‘तिने म्हणे घर सोडले’ या वाक्यात ‘म्हणे’ला कर्ता नाही. तो मूळचा क्रियापदाचा रूपविशेष असला, तरी येथे कोण म्हणतो ते सांगता येत नाही, किंबहुना सांगावयाचे नसते, म्हणूनच तो शब्द तेथे येतो. वक्ता जबाबदारीतून सुटतो, हा त्याचा एक उपयोग सर्वज्ञात आहे. दुसरा तितकासा लक्षात घेतला जात नाही. ‘म्हणे’ विधानाला संशयाची किनार लावतो. जिच्याविषयी बोलले गेले तिला ‘असे काही नाही’ म्हणण्याइतकी जागा शिल्लक राहते. ही जागा अपुरी असेल, अपमानकारकही असेल. पण ती असते.

‘खासगी’ हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. होळकरांच्या राज्यव्यवस्थेत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन भाग होते : दौलत राज्याची, खासगी राजघराण्याच्या मालकीची. म्हणजे आज आपण ज्याला व्यक्तीचा हक्क म्हणतो त्याचे नाव आपण मिळकतीच्या, तेही सत्ताधीशांच्या मिळकतीच्या, भाषेतून उचलले आहे. ज्यांच्यापाशी मिळकत नव्हती त्यांची ‘खासगी’ कोणती, हा प्रश्न या शब्दातच दडलेला आहे, आणि तमाशाच्या फडापासून बोलपटापर्यंत पोटासाठी लोकांसमोर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तो विशेष बोचरा होतो. शांता आपटे यांना 1940 साली ‘जाऊ मी सिनेमात?’ या नावाचे पुस्तक लिहावेसे वाटले, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. शीर्षकातले प्रश्नचिन्ह एका व्यवसायाविषयी आहे तितकेच त्या व्यवसायाभोवतीच्या बोलण्याविषयीही आहे.

या पार्श्वभूमीवर हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (1970) वाचावे. ‘म्हणे’ला कर्ता नाही, ‘सांगत्ये’मध्ये प्रथमपुरुषी, स्त्रीलिंगी कर्ता क्रियापदाच्या रूपातच बसलेला आहे. पुढचे ‘ऐका’ श्रोत्याला आज्ञा करते. मद्यपान, विवाहबाह्य संबंध, मोडलेला संसार असा जो ऐवज कुजबुजीने परस्पर वाटून घेतला असता, तो निवेदिका स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि त्या क्षणी तिसरा पक्ष पहिला होतो. याला खासगीपणाचा त्याग म्हणणे सोपे आहे. मला ती त्याची पुनर्स्थापना वाटते. कारण खासगीपण म्हणजे केवळ लपविणे नव्हे, तर कोणी, कोणत्या स्वरात आणि कुठवर सांगावे हे ठरविण्याचा अधिकार होय. अर्थात हा अधिकारही निर्भेळ नाही. शब्दांकन अरुण साधू यांचे, आणि शीर्षक 1959 च्या अनंत माने यांच्या गाजलेल्या चित्रपटाचे. आपले बोलणेसुद्धा जाहिरातफलकावरून उसने घ्यावे लागणे, ही नटीच्या आत्मकथनाची अटळ अट असावी.

पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, ‘स्टारडस्ट’ मासिक सुरू झाले. शोभा राजाध्यक्ष (पुढे डे) यांच्या संपादनाखालील या मासिकात ‘नीताज नॅटर’ नावाचे सदर असे. नीता ही कल्पित. कर्ता नसलेल्या ‘म्हणे’ला येथे मुखवटा मिळाला, नाव मिळाले, हिंदीमिश्रित इंग्रजीचा लाडिक स्वर मिळाला. तरी वाचक आणि लेखक यांच्यातला करार बदलला नव्हता : हे खरे असेलही, नसेलही. कुजबूज हा व्यापार झाल्याची तक्रार वॉरेन आणि ब्रँडाइस यांनी 1890 मध्येच केली होती, आणि खासगीपणाच्या हक्काची आधुनिक मांडणी तिच्यातूनच निघाली. पण त्यांनाही कुजबूज ही कुजबूज म्हणूनच ओळखता येत होती.

हा करार मोडल्याचे आपल्याकडे 2020 मध्ये ठळकपणे दिसले. सुशांतसिंह राजपूत यांच्या 14 जून 2020 रोजी झालेल्या मृत्यूनंतर कित्येक महिने व्हॉट्सॲपवरील खासगी संभाषणे दूरचित्रवाणीवर वाचून दाखविली गेली आणि मोबाइलवरून फिरत राहिली. येथे ‘म्हणे’ नाहीसा झाला. स्क्रीनशॉट काही ‘म्हणत’ नाही, तो ‘दाखवितो’. निवेदक लुप्त होतो आणि कथन पुराव्याचा वेष घेते. त्याबरोबर नाकारण्याची ती अपुरी जागाही संपते. शिवाय दोघांमधले बोलणे संदर्भातून उपटून चव्हाट्यावर मांडले की थट्टेचे, रागाचे, लाडाचे वाक्य एकाच सपाट अर्थाने वाचले जाते. संहितेच्या अभ्यासकांना ही क्रिया अपरिचित नसावी. आणि वेष हा वेषच असतो. त्या अभिनेत्याच्या नावावर खोटी ट्वीट दाखविल्याबद्दल वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाने ऑक्टोबर 2020 मध्ये ‘आज तक’ला क्षमायाचना प्रसारित करण्यास आणि 1 लाख रुपये दंड भरण्यास सांगितले. दस्तऐवजाचे रूप एवढे प्रमाण मानले गेले होते की दस्तऐवज असण्याची गरजच उरली नव्हती.

कायद्याची भाषा येथे साहित्यविचाराच्या अगदी जवळ येते. सर्वोच्च न्यायालयाचा 1994 चा राजगोपाल निर्णय एका कैद्याच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनावरून उद्भवला होता. संमतीवाचून कोणाचे खासगी जीवन छापू नये, मात्र सार्वजनिक अभिलेखात जे आहे ते छापता येईल, असे त्यात ठरले. 2017 च्या पुट्टस्वामी निर्णयात नऊ न्यायमूर्तींनी हा हक्क मूलभूत मानून त्याला व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी जोडले. मिळकतीची ‘खासगी’ तेथे निदान तत्त्वतः मागे पडली.

पण या स्थित्यंतराची किंमतही आहे. मिळकत वारसाला जाते, प्रतिष्ठा जात नाही. राजपूत यांच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरील चित्रपटाविरुद्ध केलेला अर्ज दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळला. खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो आणि चित्रपट आधीच सार्वजनिक झालेल्या माहितीवर बेतलेला आहे, असे त्यामागचे कारण होते. ती माहिती सार्वजनिक कशी झाली, हे वर आलेच आहे. हंसा वाडकर 1971 मध्ये वारल्या, आणि त्यांच्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ 1977 मध्ये केला. तेथे नायिकेचे नाव उषा आहे. पण निदान मूळ संहिता हंसाबाईंनी स्वतः सांगितलेली होती.